‘आम्ही खात नाही, सोडून देतो’



मागच्या वेळी कबूल केल्याप्रमाणे आज मोरावळ्याचं लिहायचं होतं. तो पुढच्या वेळी. आज जे लिहिते आहे ते सगळ्यांना आवडणार नाही. आमच्याच घरात दोघांना आवडलेलं नाही. पण न लिहिता गप्प बसले तर ते माझ्या खात्यावर राहील, आणि या वयात नवीन उधारी नको वाटते.

नाताळच्या सुटीत मुलगा, सून आणि नातू पुण्याहून गोव्याला गेले. मुलाच्या ऑफिसातली आणखी तीन कुटुंबं सोबत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी घरच्या ग्रुपवर फोटो आला. नऊ वर्षांचा नातू, अंगात केशरी लाइफ जॅकेट, दोन्ही हातांत लालसर रंगाचा चांगला मोठा मासा. खाली लिहिलेलं, ‘फर्स्ट कॅच!’

मी चष्मा न लावताच लाल बदाम पाठवून दिला. मला नातवाचा चेहरा दिसला, मासा दिसलाच नाही. माझ्या मागोमाग घरातल्या अकरा बायकांनी बदाम पाठवले. नणंदेने टाळ्या वाजवणारे हात पाठवले. एकीनेही विचारलं नाही की बाळा, हे तुझ्या हातात काय आहे? आणि या अकराही जणी दशलक्षण पर्वात हिरवी भाजी सोडणाऱ्या, सूर्यास्ताआधी ताट धुऊन पालथं घालणाऱ्या. मी तर त्यांची पुढारी.

चष्मा लावल्यावर फोटो परत पाहिला. मग मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आई, आपण खाल्ला थोडीच? लगेच सोडून दिला. फोटोपुरता धरला होता.” एवढ्यात नातवाने फोन ओढून घेतला. “आजी, तो मासा मला जीभ दाखवत होता! मी पण त्याला दाखवली!”

मुलाने मग व्हिडिओही पाठवला, माझं समाधान व्हावं म्हणून. त्यात मासा पाण्यात टाकताना दिसतो. मी तो चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी लक्षात आलं की बोट पुढे जाते तेव्हा मागे पाण्यावर काहीतरी पांढरं तरंगत राहतं. ते त्या माशाचं पोट होतं. तो खाली गेलाच नव्हता.

आता ही सहल नेमकी काय असते ते सांगते, कारण जाहिरातीत ‘फुल डे डीप सी फिशिंग’ असं गोंडस लिहिलेलं असतं आणि आपण बायका ते समुद्रावर फिरणं समजून हो म्हणतो. सूनबाईंनाही आधी तेच वाटलं होतं. पहाटे बोट निघते. किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जाते. बोटीवर एक यंत्र असतं, ते आवाजाच्या लहरी खाली सोडून तळाशी खडक कुठे आहे आणि त्याच्यावर मासे कुठे जमलेत ते पडद्यावर दाखवतं. तिथे बोट उभी करतात. दोरीला शिशाचं वजन, वजनाजवळ गळ, गळाला आमिष, बहुतेक वेळा दुसरा एखादा लहान मासा किंवा माकूळ. दोरी थेट तळाला सोडायची, हिसका बसला की चाक फिरवून वर ओढायची. तळाचे मासे म्हणजे तांबोशी, हेकरू वगैरे. ते फार भटकत नाहीत, खडकाच्या एका कपारीला धरून वर्षानुवर्षं राहतात. थोडक्यात, घरात शिरून धरून आणण्यासारखं ते काम आहे. गोव्याच्या ग्रँड आयलंडच्या साध्या सहलीतही हौस म्हणून हातात गळ देतात, इथे तर दिवसभर तेच.

आता त्या ‘जिभे’बद्दल. मी कॉमर्सची, विज्ञान माझा प्रांत नाही. शेजारी ज्युनिअर कॉलेजात शिकवणारे सर राहतात, त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी वहीच्या पानावर काढून दाखवलं. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की दाब हवेतल्या एका दाबाएवढा वाढतो. ४० मीटरवर तो वरच्यापेक्षा ५ पट असतो. अशा माशांच्या पोटात एक बंद हवेची पिशवी असते, तिच्यावर ते पाण्यात आपला तोल धरतात. माशाला मिनिटा-दोन मिनिटांत वर ओढलं की दाब उतरतो आणि त्या पिशवीतली हवा ५ पट फुगू पाहते. आतलं सगळं दाबलं जातं, डोळे बाहेर येतात आणि जठर उलटं होऊन तोंडातून बाहेर पडतं.

नातवाने पाहिली ती जीभ नव्हती, मैत्रिणींनो. तो मासा स्वतःचं पोट तोंडात घेऊन त्याच्यासमोर होता आणि माझ्या लेकराला वाटलं, तो आपल्याशी खेळतो आहे.

अशा फुगलेल्या माशाला पाण्यात टाकलं तर तो खाली जाऊच शकत नाही. बुचासारखा वर तरंगतो. घारी आणि समुद्रपक्षी त्याची वाटच पाहत असतात. सगळेच मरतात असं नाही, काही वाचतात. पण ‘सोडून दिला’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर जो मासा सुळकन खाली जातो, तो हा नव्हे.

हे ऐकल्यावर मला माझ्या सासूबाई आठवल्या. आमच्या जुन्या वाड्यात विहीर होती. पाणी दुहेरी छन्न्यातून गाळायचं हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण गाळल्यावर छन्न्यात राहिलेली जिवाणी कशी परत करायची, हे आता नळाच्या काळात किती जणींना माहीत आहे? मी नवी नवरी. पहिल्याच आठवड्यात छन्ना उलटा करून वरूनच विहिरीत झटकला. सासूबाई धावत आल्या. “वरून नोको टाकू वो! इतक्या वरून पडून थे मरतीन नं!” मग त्यांनी बादलीच्या बुडाला असलेली कडी दाखवली. बादली दोरीने सावकाश पाण्याला टेकेपर्यंत सोडायची, मग दोरीला हिसका द्यायचा, बादली तिथेच पालथी होते आणि जीव पाण्यात पाण्यासारखे मिसळतात. ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत, दुसऱ्या नाही. सासूबाई चौथी शिकलेल्या होत्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला परत करायचं तर जिथून आणलं त्या ठिकाणी, त्या पातळीला नेऊन पोचवायचं, नाही तर ते सोडणं नव्हे, फेकणं आहे, एवढं त्यांना कळत होतं.

गंमत बघा. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकातले मासे धरणाऱ्यांना २०२२ साली कायद्यानेच एक साधन बोटीवर तयार ठेवणं बंधनकारक झालं, एक तर माशाला पुन्हा खोल पाण्यात नेऊन सोडणारं वजन किंवा ती फुगलेली हवा काढायची पोकळ सुई. कारण वरून टाकलेले मासे मरतात हे त्यांनाही मान्य करावं लागलं. म्हणजे सासूबाईंच्या बादलीची कडी त्यांनी आता शोधून काढली. आणि आपण, ज्यांच्या घरात ती कडी होती, आपण मासा वरून फेकतो आणि म्हणतो, सोडून दिला.

कुणी म्हणेल, ठीक आहे, माशाला खाली पोचवणारं ते साधन वापरलं तर चालेल का? नाही. आता शास्त्राकडे येऊ.

सात व्यसनं आपण पाठशाळेत पाठ केली. त्यात मांस एक व्यसन आहे आणि शिकार दुसरं. दोन वेगवेगळी मोजली आहेत. शिकारीत पाप खाण्यामुळेच असतं तर वेगळं मोजायचं कारण काय होतं? आचार्यांनी हे ओळखलं होतं की न खाणाराही मारण्याची मजा घेऊ शकतो. ‘खात नाही’ हे उत्तर पहिल्या खात्याचं आहे, विचारलं आहे दुसऱ्या खात्याचं.

शिवाय श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे. काही गरज नसताना, काही अर्थ साधत नसताना जिवाला दिलेला त्रास तो अनर्थदंड. आपण स्वयंपाक करतो, केर काढतो, आपले लोक शेती करतात, दुकान चालवतात, त्यात हिंसा होते. ती आरंभी, उद्योगी. गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही म्हणून तिच्यात सूट आहे, तीही जपून वागण्याच्या अटीवर. पण संकल्पी हिंसा, ठरवून, त्रस जिवावर, ती श्रावकाला पहिल्या पायरीवरच सोडायची आहे. मासा पंचेंद्रिय. त्याच्या ओठात जो गळ रुततो तो त्याला कळतो का, असा वाद शास्त्रज्ञ घालत होते. २००३ साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी ट्राउट माशांच्या ओठांना मधमाशीचं विष टोचून पाहिलं, तर मासे खाणं सोडून डुलत राहिले. काहींना आम्ल टोचलं, ते ओठ खड्यांवर घासत राहिले. हा प्रयोगही मला आवडलेला नाही. ज्याला आधीच पंचेंद्रिय म्हटलं आहे त्याचा आणखी कसला पुरावा?

आता हिशेब. जपमाळेत १०८ मणी का, हे आपल्याला माहीत असतं, पण ते आपण आकड्यासारखं म्हणतो, हिशेबासारखं नाही. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. स्वतः करणं, करवणं, अनुमोदना देणं हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. कर्म आत येण्याच्या १०८ वाटा. आता या सहलीची नोंद लावून बघा. ‘करायचं का?’ असं ऑफिसात चहा पिताना ठरलं, तो संरंभ. पैसे भरले, टोप्या घेतल्या, बोट ठरवली, तो समारंभ. (हा शब्द आपण आता लग्नमुंजीला वापरतो, हा पण एक समारंभच झाला.) गळ टाकला, तो आरंभ. मुलाने केलं, नातवाकडून करवलं. आणि अनुमोदना? ती इथे चांदूर बाजारात, आमच्या स्वयंपाकघरात, चष्मा न लावता, एका लाल बदामाने झाली.

म्हणून मुलाच्या आधी मी स्वतःला धरते आहे. तंदुल मत्स्याची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. स्वयंभूरमण समुद्रात महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा. महामत्स्य तोंड उघडून झोपतो, त्याच्या तोंडातून शेकडो मासे आत-बाहेर जातात, आणि हा इवलासा नुसता बघून मनात म्हणतो, मी एवढा असतो तर एकालाही सोडलं नसतं. त्याने आयुष्यात एकही मासा मारला नाही. तरी गेला सातव्या नरकात. लहानपणी मला हा फार अन्याय वाटायचा. आता बाराजणींचे बदाम बघून वाटलं, ही गोष्ट फोन येण्याआधीच फोनवर लिहिलेली आहे.

मुलाने दुसऱ्या दिवशी मला मृगसेनाचं उदाहरण दिलं. पाठशाळेत मीच त्याला सांगितलेली गोष्ट. “आई, मृगसेन धीवरानेही मासा सोडूनच दिला होता ना? त्याचं तर कल्याण झालं.” क्षणभर मी निरुत्तर झाले. मग रात्री पडल्या पडल्या पूर्ण गोष्ट मनात परत चालवली.

मृगसेन अवंती देशातला धीवर. मासे धरणं हेच त्याचं पोट. मुनिराजांना त्याने सांगितलं की मला हिंसा सोडता येत नाही. मुनिराजांनी त्याला झेपेल एवढंच व्रत दिलं, जाळ्यात पहिला येईल त्या माशाला मारायचं नाही. पहिला मासा आला, त्याने ओळखायला दोरा बांधून सोडला. जाळं दुसरीकडे टाकलं, तोच मासा. सोडला. असं पाच वेळा. संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी गेला, बायकोने दार लावून घेतलं. बाहेर पडून राहिला, रात्री साप चावून मेला. पुढच्या जन्मी त्याच्यावर पाच वेळा मरणाचं संकट आलं आणि पाचही वेळा तो वाचला.

म्हणजे मृगसेनाला भूक होती, घरी बायको होती, दुसरा धंदा नव्हता, आणि तरी त्याने सोडला. सोडण्याची किंमत त्याने उपाशी पोटाने आणि बंद दाराने मोजली. आमच्या लोकांना भूक नव्हती, डब्यात ठेपले होते, आणि त्यांनी धरला. धरण्यासाठी पैसे मोजले. दोघांच्या हातून मासा पाण्यात गेला एवढंच सारखं आहे. मृगसेन हिंसेतून एक पाऊल बाहेर आला, आपण अहिंसेतून एक पाऊल आत गेलो.

यावरून दुसरी गोष्ट. मी मच्छीमारांच्या विरुद्ध बोलत नाही, हे नीट वाचा. आमच्याकडे विश्रोळीच्या धरणावर भोई बांधव पोटासाठी जाळं टाकतात. कोकणातले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला हात जोडून मग होड्या लोटतात. जून-जुलैत सरकारच मासेमारी बंद ठेवतं, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्यांची रोटी त्यात आहे. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, आणि आपल्यातल्या ज्या बायका बाजारात त्यांच्या टोपलीजवळून नाकाला पदर लावून जातात त्यांचंही मला पटत नाही. पण भोई कधी गळात अडकलेला मासा दाखवून दात काढत फोटो काढत नाही. त्याची गरज आहे, आपली करमणूक आहे. ‘बोटवाल्याचं पोट भरतं’ असं मला एकीने सांगितलं. भरू द्या ना! त्याच बोटीतून समुद्र बघायला जा आणि पूर्ण दिवसाचे पैसे द्या. गळ टाकला तरच तो पैसे घेतो असं थोडीच आहे?

आणि एक प्रश्न सूनबाईंनी विचारला, तो खरा आहे, त्याला मी बगल देणार नाही. “आई, तुमच्या लग्नातल्या शालूचं काय? आपल्या संत्र्याच्या बागेत फवारणी होते त्याचं काय?” शालूचं उत्तर माझ्याकडे नाही. तो हजारो किडे उकळून झाला आहे. वीस वर्षं झाली, मी नवीन रेशीम घेतलेलं नाही, पण जुना शालू कपाटात आहे आणि मी तो नातेवाइकांच्या लग्नात मिरवला आहे. फवारणीचं पापही आहे, ते उद्योगी आहे म्हणून नाहीसं होत नाही. मी स्वच्छ आहे म्हणून बोलत नाही. पण एक खातं तोट्यात आहे म्हणून दुसऱ्यात मुद्दाम तोटा करायचा, असा हिशेब मी तरी कॉलेजात शिकले नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांना समुद्र दाखवा, जरूर दाखवा. आपण वऱ्हाडातली माणसं, समुद्र बघायला आयुष्यातली चाळीस वर्षं घालवतो. मालवणला जा, सिंधुदुर्ग बघा. तिथे १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला पाण्यात तोंड घालून मासे त्यांच्या घरात कसे राहतात ते बघता येतं. विजयदुर्गापासून शंभरहून अधिक किलोमीटर आत समुद्रात एक बुडालेलं पठार आहे, आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे पोवळ्यांची वस्ती आहे. मुलाला हे सांगा. आणि मंदिरात नेलं की अरनाथ भगवानांच्या मूर्तीखाली कोरलेला मासा दाखवा. तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत माशांची जोडी आहे, ती दाखवा. आपण ज्याच्यापुढे तांदळाची पुंज मांडतो, त्यालाच सुटीत गळ लावतो का, हे त्याला स्वतःला विचारू द्या.

सहल ठरवणारे पुरुष असतात, पण कार्यक्रमाचा कागद आपल्याकडेही येतो. जेवण जैन आहे का, कांदा-लसूण नाही ना, हे आपण तीन-तीनदा फोन करून विचारतो. त्याच फोनवर चौथा प्रश्न विचारायचा आहे, दिवसभर करायचं काय आहे? ताट जैन आणि दिवस शिकारीचा, हे आपल्याला कसं चालतं?

शेवटी घरचं सांगते. मी ग्रुपवरचा बदाम काढून घेतला आणि खाली लिहिलं की मी चष्म्याशिवाय पाठवला होता, मला क्षमा करा. मुलगा रागावला. “सगळ्यांसमोर लिहायची काय गरज होती?” त्याचं बरोबर असेल. पण बदामही सगळ्यांसमोरच दिला होता. सूनबाई आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. नातवाला फोनवर जिभेची खरी गोष्ट सांगायची की नाही, हे मला चार दिवस ठरवता आलं नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या मनावर किती ओझं टाकायचं? शेवटी सांगितली, हळूच, शिशाचं वजन आणि हवेची पिशवी सगळं. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलं, “आजी, मग तो परत घरी कसा गेला?”

मी म्हटलं, गेला नाही रे बाळा.

पुढच्या सुटीत तो इकडे येणार आहे. विहीर बुजली, पण माळ्यावर कडी असलेली ती बादली अजून आहे. ती काढून घासून ठेवली आहे. त्याला दाखवायची आहे.

जय जिनेंद्र.